बंबातला थर ते गच्चीवरचा सॉफ्टनर : बीडच्या घरगुती पाण्याचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी विचारलं, की इतिहासाच्या मालिकेत हे प्लंबिंग कुठून आलं? प्रश्न बरोबर आहे. पण बीडसारख्या जिल्ह्याचा इतिहास सनावळ्यांतून जितका कळतो, तितकाच तो पाणी कुठून आलं आणि ते घरात आल्यावर त्याचं काय केलं, यातूनही कळतो. दुष्काळावर पुष्कळ बोललं जातं, पाणी *किती* यावर. आज पाणी *कसं* यावर बोलू. साबण फेसाळतो का, डाळ शिजते का, नळाच्या तोंडाशी पांढरं साचतं का, हा आपला आजचा इतिहास.

सुरुवात दगडापासून करावी लागते. आपण बसलो आहोत तो सगळा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, दख्खनच्या पठाराचा लाव्हा. जिल्ह्याच्या मधून बालाघाटची रांग जाते. तिच्या उत्तरेला गेवराई, माजलगावकडे गोदावरीचा काळ्या मातीचा सखल भाग. दक्षिणेला पाटोदा, केज, अंबाजोगाईचा चढा मुलूख. पाऊस वर्षाला साधारण साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. हे पावसाचं पाणी मुळात अगदी हलकं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. ते मातीतून जाताना हवा आणि मुळांकडून कर्बवायू घेतं, किंचित आंबट होतं, आणि त्या आंबटपणानं दगड हळूहळू विरघळवतं. बेसाल्टमधली खनिजं त्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम देतात. हेच दोन क्षार म्हणजे पाण्याचा जडपणा. पाणी दगडाच्या सहवासात जितके दिवस राहील, तितका त्याला दगडाचा गुण लागतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता जुनं घर डोळ्यांसमोर आणा. त्या घरात 'पाणी' नावाची एक वस्तू नव्हती, पाणी दोन-तीन प्रकारचं होतं. प्यायचं पाणी एका विहिरीचं, वापरायचं दुसऱ्या. परसातल्या आडाचं पाणी मचूळ असेल तर ते भांड्यांना, धुण्याला, जनावरांना. गोडं पाणी लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून घागरीनं. डाळ कुठल्या विहिरीच्या पाण्यात चटकन शिजते, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असे. प्रयोगशाळा नव्हती, पण तुरीची डाळ हीच कठीणपणाची परीक्षा होती. कारण साधं आहे : पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा मऊ होऊ देत नाही. मग त्यावर चिमूटभर सोडा. सोड्यानं दाणा मऊ होतो, डाळ शिजते. अर्थात त्यानं डाळीतलं ब जीवनसत्त्वही जातं.

या विहिरी खोल नव्हत्या. सात-आठ परस, फार तर दहा. मुरुमातून खाली जायचं, कातळ लागला की थांबायचं. म्हणजे पाणी वरच्या थरातलं, दर पावसाळ्यात नवं होणारं, दगडाशी फार दिवस न राहिलेलं. याचं आपल्याकडचं सगळ्यांत देखणं उदाहरण म्हणजे बीडजवळची खजाना बावडी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं ती बांधवली आणि राजा भास्कर हा तिचा रचनाकार, असं सांगितलं जातं. ती नुसती विहीर नाही. तिला भुयारं आहेत, काहींतून पाणी येतं आणि एकातून पुढे शेतीकडे जातं. दुष्काळातही तिचं पाणी हटत नाही ही तिची ख्याती. ख्याती थोडी बाजूला ठेवली तरी त्या बांधणाऱ्याची समज बघा : त्यानं खोल जाऊन जुनं पाणी उपसलं नाही, उथळ थरात झिरपणारं पाणी आडवं गोळा केलं. पुढे मलिक अंबरनं औरंगाबादेत नहर आणली, तीही याच वाटेची.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. 'पूर्वी प्रत्येक विहिरीचा गुण माहीत होता' हे वाक्य ऐकायला छान आहे. पण तो गुण निवडायचा हक्क कोणाला होता? गावची गोड्या पाण्याची विहीर सगळ्यांची नव्हती. दलित वस्तीतल्या माणसानं तिला शिवायचं नाही, कोणी वरून ओंजळीत किंवा घागरीत ओतेल त्याची वाट बघायची. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी प्यायलं ते काही तिथलं पाणी जास्त गोड होतं म्हणून नाही. तेव्हा बीड तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथं ही चाल निराळी होती असं समजायचं कारण नाही. आणि ज्यांना हक्क होता त्या घरातही गोड्या पाण्याची किंमत बाईची मान मोजत होती. डोक्यावर दोन, कमरेवर एक, आणि पायाखाली दीड-दोन कोस. तेव्हा जुन्या व्यवस्थेचं कौतुक करायचं तर हे धरून करावं.

पाणी घरात आल्यावर काय होई? तुरटी फिरवायची, निवळीची बी उगाळायची, फडक्यानं गाळायचं. निवळी म्हणजे सुश्रुतसंहितेतलं कतक, पाणी निवळण्याच्या उपायांत त्याचं नाव आहे. पण यातल्या कशानंच जडपणा जात नाही. गढूळपणा जातो. हा घोटाळा आजही आहे बरं का. दुकानात 'फिल्टर' मागतात आणि नळावरचा पांढरा थर जाईल असं समजतात. गाळ हा पाण्यात तरंगत असतो, तो अडवता येतो. क्षार हा पाण्यात विरघळलेला असतो, तो कितीही बारीक फडक्यातून सरळ पार जातो.

जडपणा काढणारं एक यंत्र मात्र जुन्या घरात होतं, आणि ते कोणी यंत्र म्हणून ओळखलं नाही. तांब्याचा बंब. आपल्याकडच्या पाण्यातला पुष्कळसा जडपणा बायकार्बोनेटचा असतो. पाणी चांगलं तापलं की तो फुटतो, कर्बवायू उडून जातो आणि चुन्यासारखा पांढरा थर आत बसतो. म्हणजे बंबातून निघालेलं पाणी आत घातलेल्या पाण्यापेक्षा मऊ असे. दिवाळीच्या आधी चिंच घालून बंब घासायचा, तेव्हा निघणारा तो फेस म्हणजे चिंचेच्या आम्लानं चुनखडी विरघळत होती. आज गिझरची कॉइल जाते तेव्हा आपण कंपनीला शिव्या देतो. कॉइलवरचा थर तोच आहे, फक्त आता तो दिसत नाही आणि त्याला चिंच लावता येत नाही.

धुण्याची गोष्ट आणखी मजेची. जड पाण्याची खरी तक्रार साबणाबरोबर आली. साबण कॅल्शियमला भेटला की फेस व्हायच्या ऐवजी त्याचा चिकट साका होतो. त्याआधी रिठा होता, शिकेकाई होती. त्यांच्या फेसाला कॅल्शियमची बाधा फारशी होत नाही. कपड्यांना राख होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते जडपणा खाली बसवतं. आणि खार होता. लोणारच्या सरोवरातला सोडा शतकानुशतकं काढला जात होता. आईन-ए-अकबरीत त्या भागात काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो अशी नोंद आहे. म्हणजे आपल्या भागातल्या बायका आणि परीट राख आणि खार वापरून पाणी मऊच करत होते, 'सॉफ्टनिंग' हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी.

तिकडे विलायतेत काय चाललं होतं? १८४१ मध्ये ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्कनं चुन्यानंच चुना काढण्याची युक्ती पेटंट केली : जड पाण्यात कळीच्या चुन्याची निवळी घालायची, की विरघळलेला चुनाही खाली बसतो. शहराच्या मोठ्या टाक्यांना हे ठीक. पण आजच्या घरगुती सॉफ्टनरचा आजा कारखान्यात नाही, शेतात सापडला. १८५० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये थॉम्पसन नावाचा शेतीचा अभ्यासक आणि वे नावाचा रसायनतज्ज्ञ खतांवर काम करत होते. खत मातीतून वाहून का जात नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांना दिसलं की माती अमोनिया धरून ठेवते आणि त्या बदल्यात कॅल्शियम सोडते. नुसतं शोषण नाही, अदलाबदल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी हीच अदलाबदल कृत्रिम खनिजातून पाण्यासाठी वापरली : कॅल्शियम घे, सोडियम दे. पुढे १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी त्यासाठी कृत्रिम राळ तयार केली, आणि मग आजचे पिवळसर मणी आले. आपल्याकडे मुंबईत १९६४ मध्ये आयन एक्सचेंज ही कंपनी ब्रिटिश परम्युटिटच्या सहभागानं उभी राहिली. गिऱ्हाईक म्हणजे कारखाने, बॉयलर.

बीड जिल्ह्यातही क्षार काढलेलं पाणी पहिल्यांदा घरासाठी आलं नाही, ते यंत्रासाठी आलं. परळीचं औष्णिक वीजकेंद्र १९७१ मध्ये सुरू झालं. बॉयलरच्या नळ्यांत थर बसून चालत नाही, तिथं पाण्यातले क्षार जवळजवळ पूर्ण काढावे लागतात. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, तो दुष्काळ. एकाच जिल्ह्यात एकीकडे वाफेसाठी इतकं निर्मळ केलेलं पाणी, आणि दुसरीकडे खडी फोडायच्या कामावर, मिळेल ते पाणी पिणारी माणसं. (आणि हेच केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेही सांगून टाकतो.)

बहात्तरनं पाण्याची दिशा बदलली. आडवं जाणारं पाणी उभं झालं. बोअरची गाडी आली, कातळ फोडून दीडशे-दोनशे फूट खाली गेली. आणि वर हापसा बसला. हापशाचा इतिहास आपल्या शेजारचा आहे. ओतीव लोखंडाचे जुने पंप गावाच्या वापरानं मोडत, म्हणून साठच्या दशकात जालन्याच्या मिशनच्या लोकांनी पोलादी पंप जुळवला, तो 'जालना पंप'. त्याच धाटणीचा आणि आणखी पक्का 'सोलापूर पंप' झाला. त्यावरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू' तयार झाला, तो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. अनेक वस्त्यांत हापसा हे पहिलं असं पाणी होतं जे कोणाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या हातानं काढता आलं. पाणी जड होतं, हे खरं. पण वरून ओतलेल्या गोड्या पाण्यापेक्षा ते बरं, असं ज्यांना वाटलं त्यांचं काय चुकलं?

पुढे हापशाच्या जागी मोटर आली, दोनशेचे चारशे, सहाशे फूट झाले. खोल पाणी म्हणजे जुनं पाणी, दगडाशी वर्षानुवर्षं राहिलेलं. उथळ विहिरी आटल्या किंवा बुजल्या. घरात आता एकच पाणी आलं, आणि तेच प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला, मशीनला. पाणी निवडायची सोय गेली, म्हणून पाणी सुधारायची गरज आली.

या मधल्या काळात बीडच्या घराघरांतला पहिला आधुनिक सॉफ्टनर कोणता, विचाराल तर मी म्हणेन धुण्याची पावडर. १९५९ मध्ये सर्फ आली, १९६९ मध्ये निरमा. डिटर्जंटचा साबणासारखा साका होत नाही, आणि पावडरीत सोडा भरपूर. राखेचंच काम, पुडीतून. डोक्याचे केस मात्र तसेच राठ राहिले.

आता गच्चीवरच्या टाकीपाशी बसणाऱ्या त्या उंच नळकांड्याकडे येऊ. आत मणी, मण्यांवर सोडियम. पाणी जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम मण्याला चिकटतं, सोडियम पाण्यात येतं. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून ते परत धुवायचे. हिशोब करून बघू. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. समजा तुमच्या बोअरचा ५०० आहे आणि घराला रोज ५०० लिटर लागतं. म्हणजे रोज पाव किलो कठीणपणा. तो काढायला कागदावर सुमारे ३०० ग्रॅम मीठ, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा. महिन्याला साधारण अठरा किलो मीठ एका घरातून जाणार. कुठं? नालीत, नाहीतर शोषखड्ड्यात. त्याच्याबरोबर काढलेलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियमही. म्हणजे जडपणा संपत नाही, तो माझ्या घरातून निघून जमिनीत जातो; आणि शोषखड्डा असेल तर माझ्या किंवा शेजाऱ्याच्या बोअरकडे निघतो, वर मीठ घेऊन.

आणि परसबागेत हे पाणी सोडलंत तर आणखी गंमत. थॉम्पसन आणि वे यांना जी अदलाबदल दिसली, ती करण्यात आपली काळी माती फार पटाईत आहे. तिच्यातली चिकणमाती म्हणजे निसर्गानं पसरलेला सॉफ्टनरच. सोडियमचं पाणी मिळत राहिलं की ती स्वतःकडचं कॅल्शियम सोडते आणि सोडियम धरते. मग तिचे कण फुटतात, ती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. शेतकऱ्याकडे याला शब्द आहे, चोपण. चोपण जमीन सुधारायला जिप्सम घालतात, म्हणजे कॅल्शियम परत देतात. अंघोळीला जे नको म्हणून काढलं, तेच मातीला विकत आणून घालायचं.

प्यायच्या पाण्याचं प्रकरण वेगळं, तिथं आरओ आला. त्याची पातळ झिल्ली १९६० च्या आसपास अमेरिकेत लोब आणि सौरीराजन यांनी केली. श्रीनिवास सौरीराजन हे भारतीय. समुद्राचं पाणी गोडं करायला निघालेली ती वस्तू आज आपल्या ओट्यावर आहे, आणि गावोगाव जारच्या प्लांटमध्ये. घरगुती यंत्र एक लिटर देताना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. टँकरच्या गावात हे परवडतं का, हा प्रश्न आहेच. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं म्हटलं, की टीडीएस ५०० च्या आत असेल तिथं आरओ वापरूच नये. पण आपल्या पुष्कळ बोअरांचा आकडा त्याच्या वर जातो, म्हणून सरसकट 'आरओ वाईट' असंही मी म्हणणार नाही. तेच पाणी भांडी घासायला जमा केलं तरी निम्मी लढाई जिंकली.

माझं मत विचाराल तर जडपणाची भीती जरा जास्त घातली जाते. विकणारे मुतखड्याचं नाव घेतात. जड पाण्यानंच मुतखडा होतो असं ठाम सिद्ध झालेलं नाही. उन्हात राबणं आणि पाणी कमी पिणं हे त्याचं मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेनंही कठीणपणासाठी आरोग्याची मर्यादा घातलेली नाही. भीती बाळगायची तर फ्लोराइडची बाळगा. महाराष्ट्रात फ्लोराइड आढळणाऱ्या जिल्ह्यांत बीडचं नाव येतं. आणि इथं एक उलटा न्याय आहे : पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला बांधून खाली बसवतं. कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त असलेल्या खोल पाण्यात फ्लोराइड वाढायला मोकळं रान मिळतं. म्हणजे ज्या बोअरचं पाणी मऊ लागतं, साबण छान फेसाळतो, तेच पाणी दात पिवळे करणारं, हाडं वाकवणारं असू शकतं. चवीवर, फेसावर, डाळीवर हे कळत नाही. सॉफ्टनर फ्लोराइड काढत नाही, नायट्रेटही काढत नाही. इथं आजीची परीक्षा संपते आणि तपासणीची बाटली लागते.

एक मधला मुद्दा राहिला, टँकरचा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते लक्षात असेल. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आपल्या केज तालुक्यात, धनेगावला आहे. ते कोरडं पडलं म्हणून ती गाडी. तशा वर्षी घरच्या टाकीत एक दिवस नळ, चार दिवस बोअर, मग टँकर, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते ड्रायव्हरलाच माहीत. सॉफ्टनर बसवताना एका कठीणपणाचा आकडा लावून देतात. इथं आकडा दर आठवड्याला बदलतो. पुण्यातल्या सोसायटीसाठी केलेला हिशोब इथं तसाच लागू होत नाही, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या.

मघाशी मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "एवढं सगळं असेल तर पावसाचंच पाणी साठवावं का?" हिशोब करू. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वर्षाचा ६५० मिलिमीटर पाऊस धरला तर ६० हजार लिटर पडतं. वाया जाणारं सोडून ४८ हजार धरा. सगळं घर त्यावर चालणार नाही. पण पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर पुरतं. पहिल्या एकदोन सरी सोडून द्यायच्या, बारीक जाळीतून गाळून घ्यायचं, टाकी अंधारी आणि झाकलेली ठेवायची, प्यायचं उकळून घ्यायचं. दुष्काळी वर्षी पाऊस निम्मा झाला तरी हिशोब बसतो, कारण आठ कोरड्या महिन्यांना लागतं ४,८०० लिटर. ती पाच हजारांची एक काळी टाकी झाली, आणि त्या पाण्यात डाळ सोड्याशिवाय शिजते.